आधी वेदी, मग देऊळ: ग्रीक देवस्थानाची १:५० प्रतिकृती

प्रदर्शनात ‘ग्रीक मंदिर’ म्हटलं की टेबलावर ठरलेली वस्तू येते: पांढऱ्याशुभ्र खांबांची रांग, वर त्रिकोणी छप्पर, खाली हिरवं वेल्वेट. त्याने देऊळ होतं, देवस्थान होत नाही. ग्रीकांच्या लेखी देवाची जागा म्हणजे आखून वेगळी काढलेली जमीन आणि तिच्यावरची उघडी वेदी. देऊळ मागाहून आलं. ऑलिम्पियात देवांचा राजा झ्यूस याचं मोठं देऊळ इ.स.पू. ४७० ते ४५७ च्या सुमारास उभं राहिलं. त्याच्या वेदीवर त्याआधी कित्येक पिढ्या होम होत होते. दोदोनाला तर झ्यूस बराच काळ ओकच्या झाडापाशीच होता. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा धरला आहे: शीव, वेदी, देऊळ, मग बाकीचं. या क्रमाने गेलं तर जागा पुरते. देवळापासून सुरुवात केली की फळी तिथेच संपते आणि वेदी कोपऱ्यात काडेपेटीएवढी उरते.

कोणतं देऊळ

अथेन्सचं प्रसिद्ध पार्थेनॉन घेऊ नका. त्याचा चौथरा ६९.५ × ३०.९ मीटर आहे. १:५० ने तो १३९ × ६२ सेंमी होतो, बाहेरचे खांबच ४६, आणि वेदीला जागा राहत नाही. त्यापेक्षा अथेन्सच्या अगोराशेजारच्या (अगोरा म्हणजे शहराचा बाजारचौक) टेकडीवरचं, लोहारांचा देव हेफेस्टस याचं देऊळ, हेफेस्टिऑन, करा. इ.स.पू. ४४९ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. पुढे त्याचं सेंट जॉर्जचं चर्च झालं, म्हणून छपरापर्यंत टिकलं. चौथरा ३१.७८ × १३.७१ मीटर, म्हणजे १:५० ने ६३.५ × २७.४ सेंमी. खांब समोर ६ आणि बाजूला १३. कोपऱ्यातले दोनदा मोजायचे नाहीत, म्हणजे एकूण ३४. आतल्या दोन्ही पडव्यांचे दोन-दोन धरून ३८.

देऊळ हेफेस्टिऑनचं, पण भोवतीचं आवार इथे ग्रीक देवस्थानांचा सर्वसाधारण नमुना म्हणून केलेलं आहे. पाटीवर तसं स्पष्ट लिहा.

फळी आणि शीव

४ × ३ फुटांचा १२ मिमी प्लायवूड लागेल. आधीच त्याचे दोन तुकडे करा, ७५ सेंमी आणि ४७ सेंमी लांबीचे. मोठ्यावर देऊळ, लहानावर वेदी आणि दरवाजा. सांधा दोघांच्या मधल्या मोकळ्या अंगणातून जातो, त्यामुळे देवळाला धक्का लागत नाही आणि रिक्षातून नेता येतं. खालून दोन बिजागऱ्या किंवा बोल्ट पुरेत.

लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा आणि पूर्वेकडच्या कडेवर बाण काढून ठेवा. ग्रीक देवळांचं तोंड बहुतेक करून पूर्वेला असतं. बासेचं अपोलोचं देऊळ उत्तरेला तोंड करून आहे, पण ते अपवादातलं. मांडणी पश्चिमेकडून अशी: ३ सेंमी मोकळं, ६७ सेंमी देऊळ पायऱ्यांसह, २५ सेंमी अंगण, ६ सेंमी वेदी, आणि उरलेल्या २१ सेंमीत गर्दीची जागा नि प्रवेशद्वार. देऊळ फळीच्या बरोबर मधोमध नको, दक्षिणेला सरकवा. उत्तरेला साधारण ४० सेंमी पट्टा सुटला की ओसरी आणि जेवणाच्या खोल्या तिथे बसतात.

या आखलेल्या जमिनीला ग्रीक नाव टेमेनोस. ‘कापणे’ या क्रियापदापासून आलेलं, म्हणजे गावच्या जमिनीतून देवासाठी कापून काढलेला तुकडा. सगळीकडे भिंत असेच असं नाही. शिवेचे दगड, होरोस, पुरायचे. अथेन्सच्या अगोऱ्यात सापडलेल्या दगडावर ‘मी अगोऱ्याची शीव आहे’ असं दगडच बोलतो. प्रतिकृतीत कोपऱ्यांवर २ सेंमी उंचीचे दगड उभे करा. प्रवेशद्वाराशी पाण्याचं भांडं हवंच. आत शिरताना हात बुडवून शिंपडून घ्यायचं, त्यासाठीची उभी कुंडी. १० मिमीचं खोलगट बटण काडीवर चिकटवलं की ५० सेंमी व्यासाची कुंडी होते.

या कुंडीजवळ पाटी लावली तर आपल्याकडच्या माणसाला फार समजावं लागत नाही, कारण सोयर-सुतक त्याच्या घरातलंच आहे. ग्रीक देवस्थानात जन्म आणि मरण दोन्ही वर्ज्य होती. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सकरांनी डेलॉस बेट ‘शुद्ध’ केलं, तेव्हा तिथली थडगी उकरून हलवली आणि यापुढे बेटावर कुणी जन्मायचं नाही, मरायचं नाही, असा नियम केला. अडलेल्या बाईला नि मरणपंथाच्या माणसाला शेजारच्या बेटावर नेत.

जमिनीसाठी शेतातली काळी माती वापरायचा मोह आवरा. ती सुकली की भेगाळते आणि भेगा पायऱ्यांखालून जातात. चाळलेला मुरूम किंवा तापीची बारीक वाळू घ्या. फेव्हिकॉल आणि पाणी समभाग करून फळीवर फासा, वरून चाळणीने वाळू टाका, रात्रभर ठेवा, सकाळी फळी उलटी करून जास्तीची झटका. हिरवं वेल्वेट नकोच. पण झाडं चालतील, नव्हे, या देवळाला ती शोभतातच. हेफेस्टिऑनच्या तीन बाजूंना खडकात खणलेले खड्डे उत्खननात सापडले आहेत, रांगेत, खांबांशी जुळवून, आणि त्यांत मातीच्या कुंड्यांचे अवशेष. ही झुडपं इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. उत्तर, दक्षिण आणि पश्चिमेला लहान झुडपांच्या रांगा लावा, पूर्व मोकळी सोडा.

वेदी

वेदी पूर्वेला, देवळाच्या दाराच्या रेषेत. देवळात नाही, पायऱ्यांवरही नाही. साधी दगडी वेदी ८ × ३ मीटर, उंची दीड मीटर धरा: १६ × ६ × ३ सेंमी. लांब बाजू उत्तर-दक्षिण, आणि पश्चिमेच्या अंगाला तीन पायऱ्या. पुजारी पश्चिमेकडून वेदीपाशी येतो, तोंड उगवतीला, पाठ देवळाकडे. मूर्ती दारातून त्याच्या पाठीवरून वेदीकडे पाहते. आपल्या देवळात भक्ताचं तोंड गाभाऱ्याकडे असतं, त्यामुळे मदतीला आलेली मुलं पुजारी हमखास उलटा चिकटवतात. तो सुकायच्या आत तपासा.

ज्यांना वेगळं करायचं असेल त्यांनी राखेची वेदी करावी. ऑलिम्पियातली झ्यूसची वेदी दगडाची नव्हतीच. जाळलेल्या मांड्यांची राख साचत साचत झालेला तो ढीग होता. इ.स. दुसऱ्या शतकातल्या पॉसेनिअस या प्रवाशाने तिचा खालचा घेर १२५ फूट आणि उंची २२ फूट दिली आहे. वर्षातून एकदा राख आल्फिऑस नदीच्या पाण्यात कालवून वेदीवर थापत. १:५० ने ती खाली २४ सेंमी व्यासाची आणि साडेतेरा सेंमी उंच होते. कागदाच्या लगद्याचा डोंगर करा आणि वरून गोवऱ्यांची राख फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून थापा. नुसती राख पाण्यात कालवली तर वाळल्यावर झडते. ही वेदी घेतली तर अंगण वाढवावं लागतं, तेव्हा फळी ५ फुटांची घ्या. आणि ती हेफेस्टिऑनसमोर ठेवू नका, ऑलिम्पियाचं वेगळं मांडा.

धुरासाठी वेचणीचा कापूस, सरकी काढून पिंजलेला. बारीक तारेभोवती सैल गुंडाळा, खाली किंचित काजळी लावा. औषधांच्या दुकानातला घडीचा कापूस फार पांढरा नि चपटा दिसतो.

खांब

निम्मं काम इथे आहे. खांबाची उंची ५.७१ मीटर, म्हणजे ११.४ सेंमी. त्यातला वरचा १ सेंमी शीर्षाचा, उरलेला १०.४ सेंमी दांडा. बुडाशी व्यास १.०२ मीटर, माथ्याशी ०.७९: प्रतिकृतीत २०.४ आणि १५.८ मिमी. खांब वर निमुळता होतो, म्हणून सरळ पीव्हीसी पाइप तसाच उभा केला तर देऊळ पाण्याच्या टाकीच्या स्टँडसारखं दिसतं.

खान्देशात यावर सोपा उपाय वावरातच पडलेला असतो: ठिबकची १६ मिमी नळी. केळीच्या बागेतून काढलेली जुनी चालते. मात्र साधी लॅटरल घ्या. आत ड्रिपर बसवलेली इनलाइन नळी ठरावीक अंतरावर फुगलेली असते. १२ आणि २० मिमीच्याही नळ्या मिळतात, तेव्हा मोजून घ्या. ३८ खांबांना चार मीटर लागते, कापाकापी धरून पाच.

नळी वेटोळ्यातली, त्यामुळे वाकडी असते. १२-१२ सेंमीचे तुकडे करून उकळीच्या जवळच्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, आत १२ मिमीची सळई सारा आणि सळईसकट गार पाण्यात टाका. सळई गरम असतानाच काढली तर नळी पुन्हा वळते. मग १०.४ सेंमीवर अचूक कापा. एका लाकडी ठोकळ्यात नळी बसेल असं भोक पाडून मागे अडसर ठोकला की सगळे तुकडे सारखे निघतात. नजरेने कापले तर मिलिमीटरभर फरक पडतो, आणि वरची तुळई चार खांबांवर टेकते, दोन खांब नुसते शोभेला राहतात.

आता निमुळतेपणा. ड्रॉइंग शीट असं निवडा की दहा कागद एकावर एक ठेवले की २ मिमी भरतील. त्यातून १०.४ सेंमी उंच, ५६.५ सेंमी लांब आयत कापा आणि तो तिरका छेदून दोन काटकोन त्रिकोण करा. एक त्रिकोण म्हणजे एक खांब. उंच बाजू नळीला समांतर लावा आणि सरळ कड बुडाशी ठेवून गुंडाळत चला. बुडाशी कागदाचे दहा पदर बसतात, माथ्याशी जेमतेम एक, आणि मधे आपोआप उतार होतो. नळी पॉलिथीनची असते, तिला फेव्हिकॉल धरत नाही. म्हणून पहिली कड सेलोटेपने चिकटवा, पुढे कागदावर कागद. फेव्हिकॉल पातळ करू नका. पाण्याने कागद फुगतो आणि बूड २०.४ ऐवजी २२ मिमी होतं. मग कोपऱ्यातला खांब चौथऱ्याबाहेर डोकावतो.

शेवटचा पदर खोबण्यांचा. खाली ६४, वर ५१ मिमी असा निमुळता तुकडा कापून त्यावर २० समान पट्टे आखा. डोरिक, म्हणजे या देवळाच्या साध्या शैलीच्या, खांबाला २० खोबण्या असतात आणि त्यांच्या कडा एकमेकींना धारेने भिडतात, मधे सपाट पट्टी नसते. कागद वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने पट्ट्यांच्या मधोमध दाबत जा आणि मग गुंडाळा. आधी गुंडाळून मग दाबलं तर आतले पदर दबतात, खोबणी नागमोडी होते. २२ × ३० इंची एका शीटमध्ये दहा त्रिकोण आणि पंधरा वरचे पदर निघतात. चार शीट पुरतात, पाचवं बिघडण्यासाठी.

खऱ्या खांबांना मधे हलका फुगवटा असतो. पार्थेनॉनच्या खांबाचा फुगवटा सुमारे १७ मिमी आहे, १:५० ने मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. तो सोडून द्या.

शीर्ष दोन भागांचं: खाली गोल उशी, वर चौकोनी पाट. पुठ्ठ्याच्या १७, १९, २१ मिमीच्या चकत्या एकावर एक चिकटवून पुट्टीने उतार भरला की उशी झाली. वर २३ मिमीचा चौकोन, आणि दोन्ही मिळून १ सेंमी. बुडाला काही नाही. डोरिक खांब चौथऱ्यावर थेट उभा राहतो. बैठक लावली की ते दुसऱ्याच शैलीचं होतं, आणि ही चूक फार होते.

कोपऱ्याचं अंतर

चौथऱ्याला तीन पायऱ्या, प्रत्येकी ७ मिमी उंच आणि खालची वरचीपेक्षा ८ मिमी बाहेर. सर्वांत खालची राखाडी रंगवा, कारण ती चुनखडीची होती; वरच्या दोन संगमरवराच्या.

खांब मांडताना लांबीला बाराने भागून मोकळं होऊ नका. मधल्या खांबांच्या केंद्रांत ५१.७ मिमी अंतर आहे, पण कोपऱ्यातलं शेवटचं अंतर ४८.३ मिमी. समोर ४८.३, तीनदा ५१.७, पुन्हा ४८.३: बेरीज २५१.७. बाजूला दोन टोकांना ४८.३ आणि मधे दहा वेळा ५१.७: ६१३.६. कोपऱ्यातल्या खांबाचं केंद्र कडेपासून ११ मिमी आत. असं का, ते वर पाहिल्यावर कळतं. खांबांवर तुळई, तुळईवर नक्षीचा पट्टा. पट्ट्यात आलटून पालटून उभ्या रेघांची पट्टी, ट्रायग्लिफ, आणि चौकोनी फरशी, मेटोप. ट्रायग्लिफ खांबाच्या मधोमध वर यायला हवी. पण कोपऱ्यात पट्टा संपतो तिथेही ट्रायग्लिफच हवी, आणि ती टोकाला गेली की खांबाचा मध्य सुटतो. मग शेवटची मेटोप ताणून लांबडी करायची, किंवा कोपऱ्यातला खांब आत ओढायचा. ग्रीकांनी खांब ओढला. समान अंतरावर खांब लावणाऱ्याला ही गोष्ट पट्टा चिकटवताना शेवटच्या कोपऱ्यात समजते, आणि तोवर ३४ खांब पक्के झालेले असतात.

तुळई १७ मिमी उंच, पट्टाही १७ मिमी. ट्रायग्लिफ १०.३ मिमी रुंद, मेटोप १५.५. समोर ११ ट्रायग्लिफ आणि १० मेटोप, बाजूला २५ आणि २४. चारही बाजू मिळून मेटोप ६८. त्यातल्या फक्त १८ कोरीव आहेत: पूर्वेच्या दहाही आणि त्याला लागून उत्तर-दक्षिणेच्या चार-चार. बाकी कोऱ्या. म्हणजे मातीकाम करणाऱ्याचा त्रास वाचला. तुळईचे तुकडे खांबाच्या केंद्रावरच जोडा, अधेमधे नको. खऱ्या दगडी तुळयाही एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतच आहेत. दगड ताणाला कच्चा, म्हणून अंतर फार वाढवता येत नाही. पाटणादेवीला किंवा चांगदेवला खांब जवळजवळ का आहेत, त्याचं कारणही हेच. दोन्हीकडे दगड चुन्याशिवाय बसवलेले. ग्रीकांनी दगडांत लोखंडी आकडे घालून त्यांवर शिसं ओतलं, लोखंड गंजू नये म्हणून. पुढच्या काळात लोकांनी शिशा-लोखंडासाठी भिंती पोखरल्या, ती भोकं आजही दिसतात.

प्रत्येक ट्रायग्लिफखाली सहा थेंब लोंबतात. बारीक राई रांगेत चिकटवली की काम झालं. ७२ ट्रायग्लिफना ४३२ दाणे लागतील. वरून फेव्हिकॉलचा हात द्या, नाहीतर मुंग्या येतात.

छप्पर, रंग, आतली खोली

छपराचा उतार बेताचा, चारास एक. २९ सेंमी पायाच्या त्रिकोणाला ३.५ सेंमी उंची पुरे. उंच केलं की चर्च दिसतं. दोन बाजूंना १५ × ६६ सेंमीचे पुठ्ठे, वर दर १३ मिमीवर खराट्याचा एक हीर. रुंद सपाट कौलांच्या सांध्यावर अरुंद उभं कौल बसायचं, तेच यातून दिसतं. छप्पर चिकटवू नका, उचलता यायला हवं.

रंगाबाबत वाद होणार, तयारी ठेवा. ही देवळं नुसती पांढरी नव्हती. खांब, भिंती संगमरवराच्या रंगाच्या ठेवा, पण ट्रायग्लिफ गडद निळ्या आणि मेटोपची पार्श्वभूमी लाल. कपड्यांची नीळ आणि गेरू, दोन्ही डिंकात कालवून, हे ऑइलपेंटपेक्षा खरं दिसतं. त्यांचा मातकट मॅटपणा दगडावर शोभतो. स्प्रे पेंट थर्माकोलवर मारला तर थर्माकोल विरघळतो. तसंही सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पुठ्ठा, सनबोर्ड, लाकूड एवढ्यातच भागवा.

आतली खोली बाहेरून १५.५ × ४५ सेंमी धरा. पूर्वेच्या पडवीतले दोन खांब बाजूच्या तिसऱ्या खांबाच्या रेषेत येतात, म्हणजे कोपऱ्यातल्या खांबापासून १० सेंमी आत. ही या देवळाची खास खूण आहे, चुकवू नका. आत पश्चिमेच्या भिंतीकडे हेफेस्टस आणि अथेना यांच्या ब्राँझच्या मूर्ती. लोहाराचा देव आणि कारागिरांची देवी शेजारी, कारण हा भाग लोहार-तांबटांच्या वस्तीचा होता. भोवतीचा खांबांचा ओसरा पाहून त्याला प्रदक्षिणामार्ग अशी चिठ्ठी लावू नका. लोक आत सभामंडपात जमत नसत. गर्दी बाहेर, वेदीभोवती. देऊळ म्हणजे मूर्तीचं आणि देवाच्या ठेवींचं घर.

जेवणाच्या खोल्या

उत्तरेच्या पट्ट्यात ओसरी, तिच्यामागे दोन-तीन चौकोनी खोल्या. प्रत्येकीचं दार मधोमध नको, एका बाजूला सरकलेलं. ग्रीक पुरुष मेजवानीत कोचावर आडवे होऊन जेवत. कोच साधारण १.८ × ०.८५ मीटरचा, प्रतिकृतीत ३६ × १७ मिमी. ते भिंतीला लावून डोक्याला पाय असे एका चक्रात मांडले की तीन भिंतींना तीन-तीन बसतात, आणि दाराच्या भिंतीला दोन. तिसऱ्याच्या जागी दार. एकूण अकरा. खोलीची आतली बाजू तीन कोच अधिक एकाची रुंदी, १२.५ सेंमी. पुठ्ठ्याचे अकरा तुकडे घेऊन मांडून बघा, दार मध्यावर ठेवलं तर दहावा-अकरावा कोच बसतच नाही. उत्खननात नुसता पाया सापडला तरी सरकलेल्या दारावरून ही जेवणाची खोली, हे ओळखतात.

माणसं

१.७ मीटरचा माणूस ३४ मिमी होतो. खेळण्यातली बाहुली आणली की दारापेक्षा माणूस मोठा होतो, म्हणून शाडूचीच करा. पोळ्याचे बैल करणारे हात असतील तर जनावरं सोपी. मात्र शाळेच्या प्रदर्शनात कापण्याचा क्षण मांडू नका, आणि गाय-बैल टाळा. मेंढ्या-बकऱ्याच रोजच्या बळींत जास्त असत, त्यामुळे खोटंही होत नाही. जव टाकण्याचा क्षण घ्या.

क्रम असा लावा. दरवाज्यातून मिरवणूक: पुढे डोक्यावर टोपली घेतलेली मुलगी. टोपलीत जवाच्या दाण्यांखाली सुरी लपवलेली. मागे पाण्याचा घडा, शिंगांना फिती बांधलेली मेंढी, दोन नळ्यांची पावरी वाजवणारा, मग लोक. वेदीभोवती गोल धरून हात धुतात, जनावरावर पाणी शिंपडतात, ते मान हलवतं. जव फेकतात. कपाळावरचे केस कापून आगीत टाकतात. पुढचं पाटीवर लिहा: बळी पडताना बायका मोठ्याने ओरडत. मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळत. काळीज-यकृत सळयांवर भाजून जवळचे लोक आधी चाखत. बाकी मांस हंड्यात शिजवून वाटत. कातडं बरेचदा पुजाऱ्याचं. भाजण्याच्या सळईला ओबेलोस म्हणत, त्यावरूनच ओबोल हे नाणं. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, मूळ अर्थ ‘मूठभर’, मुठीत मावतील तेवढ्या सळया. वेदीपाशी सहा टाचण्या मुठीत धरलेला एक माणूस ठेवला तर चलनाची गोष्ट सांगता येते.

काही देवस्थानांचा नियम होता: मांस बाहेर न्यायचं नाही, इथेच संपवायचं. हे सांगताना कानबाईच्या रोटांची आठवण काढली की ऐकणारा लगेच मान हलवतो. तो रोटही भाऊबंदकीतच संपवायचा असतो.

नवसाच्या वस्तू विसरू नका. अंगणात पुतळे, तिवया, आणि भिंतीला टांगलेले मातीचे हात-पाय. कोरिंथला अस्क्लेपिऑस या वैद्यकीच्या देवाच्या देवस्थानात असे अवयव ढिगाने सापडले. आपल्याकडचे नवसाचे चांदीचे डोळे ज्याने पाहिलेत, त्याला चिठ्ठीचीही गरज नाही. दाटी करा. मोकळं, स्वच्छ अंगण हे आजच्या पर्यटनस्थळाचं चित्र आहे.

ऊन आणि ने-आण

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पत्र्याच्या खोलीत ग्लूगनचे सांधे मऊ पडतात, आणि सनबोर्ड उन्हाच्या बाजूने वाकतो. भार घेणारे सांधे फेव्हिकॉलने आणि लाकडावरच करा, ग्लूगन फक्त जागेवर धरण्यापुरती. या दिवसांत कागद गुंडाळायचं काम सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी पदर बसायच्या आधीच फेव्हिकॉल सुकतो आणि खांबाचा कागद पोकळ वाजतो.

नेताना छप्पर आणि माणसं वेगळ्या डब्यात. दोन्ही तुकडे मांडल्यावर आधी पूर्वेचा बाण जुळवा, मग पूर्वेच्या कडेपाशी छोटा पिवळा दिवा जमिनीलगत लावा. उजेड वेदीवरून थेट दारात शिरला पाहिजे. वेदीची सावली दारापर्यंत पोचत असेल तर दिवा दोन बोटं वर घ्या.